निरवांगीचा बस्ता

युवराज पायरीवरच थांबला. बूट काढून गादीवर चढला नाही, तेव्हाच बादशाहभाईंना निम्मं कळलं.

"या की वर. चादर आजच बदललीय," ते म्हणाले.

"न्हाय भाई, गाडी रस्त्यातच लावलीय. उभ्या उभ्याच सांगतो."

इंदापूरच्या बाजारपेठेतल्या अत्तारांच्या कापड दुकानात उभ्या उभ्या बोलायची पद्धत नव्हती. गिऱ्हाईक आलं की आधी पाणी, मग चहा, मग घरच्यांची चौकशी, आणि कापडाचा विषय त्यानंतर. या युवराजच्याच लग्नाचा बस्ता चोवीस वर्षांपूर्वी याच गादीवर बांधला होता. निरवांगीहून एक टेम्पो आणि दोन जिपा भरून रणवऱ्यांची माणसं आली होती. सकाळी दहाला बसलेली ती दिवेलागणीला उठली. कोणत्या आत्याला काळा काठ चालत नाही, कोणत्या मामाचा मान मोठा, कोणाची साडी कोणाच्या साडीपेक्षा तसूभरही हलकी दिसता कामा नये, हे युवराजच्या आईइतकंच बादशाहभाईंनाही पाठ होतं. त्याच्या आधी युवराजच्या बापाचा, रामहरी आबांचा बस्ता बादशाहभाईंच्या वडिलांनी बांधला होता.

आता युवराजच्या मुलीचं, राजलक्ष्मीचं लग्न ठरलं होतं. माघातली तारीख होती. बातमी कळली त्याच आठवड्यात बादशाहभाई रात्रीची एसटी धरून येवल्याला जाऊन आले होते. पाच पैठण्या आणल्या होत्या. त्यातली मोरपंखी रंगाची त्यांनी वरच्या कपाटात वेगळी ठेवली होती. पोरगी सावळी, तिला तो रंग खुलेल म्हणून.

"बस्ता बारामतीला बांधायचा ठरलाय, भाई," युवराज रस्त्याकडं बघत म्हणाला. "भिगवण रोडला त्यो नवा मॉल झालाय ना, कपड्याचा, तीन मजली. पोरीचंच म्हणणं हाय. तिच्या मैत्रिणींचे समद्यांचे बस्ते तितंच झाले."

बादशाहभाईंनी हातातली मोजपट्टी गादीवर ठेवली. पुन्हा उचलली.

"बरं," ते म्हणाले.

"रागावू नगा."

"राग कसला? तुमचं लग्न, तुमची पसंती."

"तसं न्हाय. अजून एक हाय." युवराजनं आता त्यांच्याकडं पाहिलं. "आबा म्हणत्यात, बादशाहला संगं घ्या. आमाला कुणाला कापड कळतंय? तितं काय बी गळ्यात मारतील. तुमी नुसतं हात लावून सांगायचं, घ्यायचं का न्हाय. शुक्रवारी गाडी पाठवतो."

बादशाहभाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग कळलं की बरोबरच ऐकलं आहे. तोंडातून एकच वाक्य निघालं, "शुक्रवारी नमाज असतो मला."

"मग शनवारी," युवराज म्हणाला, आणि रस्त्यातली गाडी काढायला गेलासुद्धा.

घरी रशीदानं ताट वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं.

"जाऊ नगा," ती म्हणाली. "हसं हुईल. बाजारपेठेत उद्या सगळे म्हणतील, अत्तार आता मॉलाची गिऱ्हाइकं न्यायला लागला."

"मी कुठं जातो म्हणलो?"

"न्हाय म्हणूनबी सांगितलं न्हाई की त्याला."

ते खरं होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "लोकांना लाज कशी वाटत न्हाय गं? तीन पिढ्या आमच्या गादीवर बसले. आता म्हणे, चला, दुसऱ्याच्या दुकानात माल बघायला चला."

"आपलं साबण-तेल तरी कुठून येतंय?" रशीदा शांतपणे म्हणाली. "वरीस झालं, तुमीच पिशवी घिऊन जाताय त्या मोठ्या दुकानात. समोरच्या किराणावाल्या मोहनरावाकडं मीठसुदीक घेतलं का आपण?"

बादशाहभाई चिडले. साबणाचं वेगळं, कापडाचं वेगळं, असं काहीतरी बोलले. पाण्याचा तांब्या त्यांनी जरा जोरातच खाली ठेवला.

सकाळी रामहरी आबांचाच फोन आला. पंच्याहत्तरीचा माणूस, फोनवर ओरडूनच बोलायचा. "बादशा, म्या त्यांला लई सांगितलं, इंदापूर सोडू नगा. माझं कोण आइकतंय? तू चल. माझ्यासाठी चल. कौसल्या बी येतीय. आमी दोगं तितं आंधळ्यागत फिरणार रं."

आबांना नाही म्हणणं जमलं नाही. पण नुसतं तेवढंच नव्हतं. गेले आठ-नऊ महिने बादशाहभाई त्या दुकानाबद्दल ऐकत होते. तिथं सरकता जिना आहे, थंड हवा आहे, बस्त्यावर सोन्याचं नाणं मिळतं, सोडतीत फ्रिज लागतो. पुण्या-सोलापूरकडं याच नावाची सतरा दुकानं आहेत. आणि त्या आठ-नऊ महिन्यांत त्यांच्या गादीवर पुरते चार बस्तेही झाले नव्हते. दिवाळीत अठ्ठावीस वर्षं दुकानात असलेला त्यांचा माणूस, म्हस्कू खरात, स्वतः होऊन सोडून गेला होता. "भाई, दिसभर बसून पगार घ्याची लाज वाटती," एवढंच बोलला होता. बारामतीला कुठल्याशा दुकानात लागला असं नंतर कानावर आलं. आपल्याला कोण मारतंय, ते एकदा डोळ्यांनी बघावं, असं बादशाहभाईंना वाटायला लागलं.

शनिवारी ते एसटीनं बारामती रस्त्यावरच्या जंक्शन गावच्या फाट्यावर उतरून उभे राहिले. निरवांगीहून आलेल्या दोन गाड्यांतल्या पुढच्या गाडीत आबांनी त्यांना आपल्या शेजारी बसवलं. मागं आबांची बायको कौसल्या आक्का, राजलक्ष्मी आणि तिची आई. उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी हळूहळू सरकत होती. राजलक्ष्मी फोनवर साड्यांचे फोटो आईला दाखवत होती. आक्का खिडकीतून बघत होत्या. बादशाहभाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यात पाण्याची बाटली, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि धागे मोजायचं घडीचं भिंग.

ती पिशवी त्यांना आत नेता आली नाही. दारातल्या रखवालदारानं बोट दाखवलं, "पिशवी तिकडं जमा करा, टोकन घ्या."

डाव्या हाताला लाकडी फळीमागं खणाखणांचं कपाट होतं. फळीमागं निळा टीशर्ट घातलेला, अर्धे केस पिकलेला माणूस खाली मान घालून पिशव्या लावत होता. त्यानं हात पुढं केला, पिशवी घेतली, आणि ती ओळखूनच वर पाहिलं.

तो म्हस्कू होता.

मागं रणवऱ्यांची आणि तिथंच येऊन मिळालेल्या व्याह्यांची मिळून पंचवीस माणसं खोळंबली होती.

"भाई," म्हस्कू म्हणाला. "एकशे सत्तावीस नंबर हाय तुमचा." आणि पितळी बिल्ला त्यांच्या हातात ठेवला.

सरकत्या जिन्यावर आबांचा हात धरून चढताना बादशाहभाईंच्या डोक्यात तेच फिरत राहिलं. ज्या माणसाला सहाशे साड्यांमधली नेमकी साडी कोणत्या कपाटात कितव्या फळीवर आहे हे डोळे मिटून सांगता यायचं, गिऱ्हाइकाच्या पायरीवरच्या चपलेकडं बघून जो कोणतं कापड उलगडायचं ते ठरवायचा, त्याला या लोकांनी थैल्या सांभाळायला बसवलं होतं. बसवलं तरी कुठं? उभा केला होता.

दुसऱ्या मजल्यावर साड्याच साड्या. बादशाहभाई आधी पुरुषांच्या कापडाकडं गेले. शर्टाचं कापड, पँटचं कापड, टॉवेल, टोप्या, उपरणी. त्यांनी एकेक चिमटीत धरलं, उलटं करून पाहिलं, ताणून पाहिलं. वाईट नव्हतं. खरं सांगायचं तर चांगलं होतं. आणि सुरतेच्या व्यापाऱ्याकडून त्यांना जो माल ज्या भावानं पडत होता, त्याहून खालच्या भावात तोच माल इथं गिऱ्हाइकाला मिळत होता. सतरा दुकानांचा माल एकदम उचलला तर मिळणारच. हे त्यांना समजत होतं. समजूनही काही करता येत नाही याचाच जास्त त्रास होत होता.

"कसाय?" युवराजनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. एक शब्द पुरला असता. रणवरे सगळं तिथंच टाकून इंदापूरच्या वाटेला लागले असते, इतका त्यांचा विश्वास होता.

"घ्या," बादशाहभाई म्हणाले. "माल चांगला हाय. टॉवेल तेवढे दुसरे बघा, हे दोनच धुण्यांत विरतील."

युवराज खूश झाला. "बगा! म्हणून भाईला आणलं," तो व्याह्यांच्या माणसांना म्हणाला. चार तागे कापड, चाळीस टॉवेल, मानपानाच्या साड्यांचे ढीग, सगळं बादशाहभाईंच्या हाताखालून गेलं. ते सांगत होते आणि माणसं ऐकत होती. दोन तास तर त्यांना आपण कुठं आहोत हेही विसरायला झालं. एकदा तर त्यांनी सवयीनं "म्हस्कू, वरची दे रे" असं म्हटलंसुद्धा. शेजारच्या पोरानं चमकून पाहिलं.

मग नवरीच्या शालूची वेळ आली.

तिथं एक मोठा आरसा होता, भोवतीनं दिव्यांची कड. राजलक्ष्मीला आरशासमोर उभं करून एका मुलीनं तिच्या अंगावर वांगी रंगाची पैठणी लावली. मुलगी जवळच्याच कन्हेरी गावची होती, बाविशीची असेल, गोड बोलत होती. पदरावर मोर, काठाला भरगच्च जर. राजलक्ष्मीनं फोन समोर धरला. पलीकडं तिच्या दोघी मैत्रिणी एकदम किंचाळल्या.

"हीच," राजलक्ष्मी म्हणाली. "पप्पा, हीच."

"बादशा?" आबांनी हाक मारली.

बादशाहभाई पुढं झाले. पदर चिमटीत धरला. दिव्यांखाली तो चकाकत होता. बोटांना मात्र वेगळंच काही सांगत होता.

"ही जरा दारात, उजेडात न्यायची का?" त्यांनी त्या मुलीला विचारलं.

"उजेड इथंच आहे ना काका."

"सूर्याचा उजेड गं, बाई."

"इथं खिडकी नाहीये," ती हसली.

त्यांनी काठाला बांधलेली चिठ्ठी वाचली. डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचली. "हे काय लिवलंय?"

"आर्ट सिल्क, काका. आर्ट म्हणजे कला. हाताची कलाकुसर असते ना, म्हणून."

"कुणी सांगितलं तुला?"

मुलगी गोंधळली. "ट्रेनिंगला तसंच..."

"आर्ट म्हणजे आर्टिफिशल, माझे आई. हे रेशीम न्हाय. पॉलिस्टर हाय. जरीत बी दम न्हाय, नुसता पिवळा दोरा." त्यांचा आवाज चढला. "युवराज, ह्याला पैठणी म्हणत न्हाईत. एक दोरा काढून जाळा. रेशीम जळताना केस जळल्यागत वास येतो आन् राख हातात चुरा हुती. ह्याची गोळी हुईल, प्लास्टिकची. बघायचं का? काडेपेटी हाय का कुणाकडं?"

आजूबाजूच्या दोन-तीन कुटुंबांनी वळून पाहिलं. टाय लावलेला एक तरुण लगबगीनं आला. "काय झालं सर? इथं काडी पेटवता येणार नाही. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं आहे, आम्ही कुणाला फसवत नाही."

"लिवलंय इंग्रजीत. माझ्या आबांना इंग्रजी येतं का?"

"तुम्ही यांचे कोण?" त्या तरुणानं विचारलं.

बादशाहभाईंनी तोंड उघडलं. काय सांगावं? या घराचा कापडवाला? तीन पिढ्यांचा?

त्याआधीच राजलक्ष्मी बोलली. अंगावरची पैठणी दोन्ही हातांनी धरून ती त्यांच्याकडं वळली होती. पोरगी उद्धट नव्हती. लहानपणी त्यांच्या गादीवर लोळलेली पोरगी, तिला त्यांचं वाईट वाटत होतं हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"चाचा, मला माहितीय खरं रेशीम नाही ते. चिठ्ठी वाचली मी. पण एक दिवस तर नेसायचीय. फोटोत सारखंच दिसतं. खऱ्या पैठणीला एवढे पैसे घालून ती कपाटातच राहणार ना? मम्मीची बघा, चोवीस वर्षं झाली, दोनदा नेसली असेल."

बादशाहभाईंना वाटत होतं, आपण या पोरीला फसवणुकीतून सोडवतो आहोत. तिला सगळं आधीच ठाऊक होतं. ठाऊक असून तिला तेच हवं होतं.

"भाई, राहू द्या," युवराज हळूच म्हणाला. त्यांच्या दंडाला धरून त्यानं त्यांना बाजूला घेतलं. "पोरीला आवडलीय. चारचौघांत नगा वाढवू. व्याह्यांची माणसं हायेत."

"तूच म्हणाला ना, हात लावून सांगा म्हणून?"

"सांगितलं की तुमी. आता पुरं."

बादशाहभाई तिथून निघाले. सकाळपासून चार-पाच तास पायांवर होते आणि त्या मजल्यावर कुठं टेकायला जागा नव्हती. खालच्या मजल्यावर भिंतीशी फुलांची कमान आणि कमानीखाली दोन लाल मखमली खुर्च्या दिसल्या. ते जाऊन त्यातल्या एकीवर बसले. गुडघे दाबायला लागले.

"बाबा, उठा," रखवालदार आला. "ही फोटोची खुर्ची हाय. नवरा-नवरीसाठी."

"जरा टेकतो रे. पाय धरलेत."

"साहेब वरनं कॅमेऱ्यात बघत्यात. मला बोलणी बसतील."

ते उठले. डोळ्यांपुढं क्षणभर अंधारी आली. कुणीतरी काखेत हात घालून त्यांना पिशव्यांच्या फळीमागं नेलं आणि एका उपड्या खोक्यावर बसवलं. पाण्याची बाटली पुढं केली. त्यांचीच बाटली, एकशे सत्तावीस नंबरच्या खणातली.

"गोळी घेतली का सकाळची?" म्हस्कूनं विचारलं.

"घेतली." पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. "तू बस की."

"आमाला बसाय न्हाय, भाई. धा तास. जेवायला अर्धा घंटा देत्यात."

"आन् तुज्या गुडघ्याचं काय?"

"हाय तसंच."

"म्हस्कू, अरे तुला साडीवर का न्हाय घेतला? ती पोरगी पॉलिस्टरला रेशीम म्हणती आन् आर्टला कला. तू सांगायचंस त्यांला, मला कापड कळतं म्हणून. अठ्ठावीस वर्सं गादीवर घातली तू!" बादशाहभाईंना आता कुणावर तरी ओरडायचंच होतं. "तोंड न्हाय का तुला? थैल्या काय सांभाळतोस?"

म्हस्कूनं एका बाईची पिशवी घेतली, बिल्ला दिला, आणि बाई गेल्यावर बोलला. "सांगितलं हुतं. पहिल्याच दिवशी. साहेब म्हणले, काका, हितं कापड कुणी इकत न्हाय, कापड आपलं आपण इकलं जातं. तुमी नुसतं फळीवर लावायचं. त्याला तरणी पोरं बरी." त्यानं एक पिशवी खणात सरकवली. "एकदा एका बाईला म्या साडीचा रंग जाईल म्हणून सांगितलं. तवापासनं हितं हाय."

वरून रणवऱ्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. लग्नाचं हसणं होतं, त्यात वाईट काही नव्हतं.

"तुमी माज्यावर रागावलाय," म्हस्कू म्हणाला.

"तुज्यावर न्हाय रे."

"मग कुणावर?"

पोरीवर रागवावं तर तिचं म्हणणं खोटं नव्हतं. युवराजनं तर मान देऊनच आणलं होतं. टायवाल्या पोराची चिठ्ठी खरीच होती. रखवालदाराला नोकरी होती. राग टाकायला जागा सापडत नव्हती.

चार वाजता बस्ता झाला. गठ्ठे बांधले नाहीत कुणी. सगळं छापील पिशव्यांत भरून ढकलगाडीवरून गाडीपाशी आलं. फ्रिज लागला नाही, भिंतीवरचं घड्याळ लागलं. आक्कांच्या हातात एक छोटी पिशवी होती. गाडीत बसताना युवराजची बायको सांगत होती, तिथं नऊवारी ठेवतच नाहीत म्हणून सासूबाईंना गोल साडीच घेतली, हलकी आहे, धुवायला सोपी. आक्कांनी पिशवी न उघडताच पायाशी ठेवली.

जंक्शनच्या फाट्यावर बादशाहभाई उतरले तेव्हा आबाही काठी टेकत खाली उतरले.

"बादशा, म्या तुला उगंच आणलं."

"तसं काय न्हाय, आबा."

"लग्नाला यायचं. पत्रिका घिऊन युवराज येईल. पयल्या रांगेत बसायचं."

"येतो की," बादशाहभाई म्हणाले, आणि इंदापूरची एसटी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

त्यानंतर चार-पाच दिवस त्यांचं कुणाशीच पटलं नाही. रशीदाशी भाजीतल्या मिठावरून वाद घातला. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीनं, इफ्फतनं, दुकानाची फोनवर जाहिरात करू म्हटलं तर तिच्यावर खेकसले, मग अर्ध्या तासानं तिलाच फोन करून तिची तब्येत विचारली. दुकान वेळेवर उघडत होते. दोघं-तिघं यायची. कुणी परकराचं कापड, कुणी अस्तर, कुणी दहाव्याचे टॉवेल-टोपी. मोबाईल दुकानवाला एक जण दुकानाचा रस्त्याकडचा निम्मा भाग भाड्यानं मागत होता. त्याला त्यांनी दोनदा हाकलला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा ‘ये, बस’ म्हणाले.

बाराव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, पायरीशी कुणीतरी चपला काढल्या. एक, मग दुसरी, कठड्याला धरून, सावकाश.

"आक्का?" बादशाहभाई उठूनच उभे राहिले. "एकट्याच? गाडी कुठाय?"

"एस्टीनं आले." कौसल्या आक्का गादीवर चढल्या, भिंतीला टेकून बसल्या, पाय लांब केले. "घरी सांगितलंय, डोळं दावून येती म्हणून. पाणी दे."

त्यांनी पाणी दिलं. चहा सांगितला. आबांची चौकशी केली. आक्कांनी चहा बशीत ओतून संपवला, तोंड पुसलं.

"लुगडं दाव."

बादशाहभाईंनी रिकामी बशी बाजूला सारली.

"त्या दिशी ती गोल साडी दिली मला. म्या कधी गोल नेसली न्हाय, भाऊ. नातीच्या लग्नात नेसून उभी ऱ्हायले तर मलाच मी वळखू याची न्हाय. ती सूनबाईला म्हणलं, तूच नेस. मला एक लुगडं पायजे. इरकल दाव, हिरवं."

बादशाहभाईंनी कपाट उघडलं. खालच्या फळीवरून चार इरकलं काढली, गादीवर एकापुढं एक उलगडली. मग वरची फळी. मग बाजूचं कपाट. गर्द हिरवी, पोपटी, लाल काठाची, पिवळ्या काठाची, मिरजेकडून आलेली, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डची, जुन्या मालातली, ज्याचे विणणारे आता उरले नाहीत असं वडील सांगायचे ती. प्रत्येकाचं नाव सांगत होते, सूत सांगत होते, काठ उलटा करून दाखवत होते.

"आरं, एकच घ्याचंय मला!" आक्का हसायला लागल्या.

"घ्या एकच. बघायला काय जातंय?"

"आन् ह्यो एवढा पसारा?"

"आवरतो की मी."

आक्कांनी मग हसणं थांबवलं आणि खरंच बघायला लागल्या. एकेक लुगडं मांडीवर घेऊन काठावरून हात फिरवत होत्या. अर्धा-पाऊण तास गेला. रस्त्यावरून जाणारी माणसं आत डोकावून बघत होती, अत्तारांच्या गादीवर आज बस्ता बसलाय की काय म्हणून.

"राजीच्या साडीचं तू बोललास तवा म्या आइकलं," आक्का मधेच म्हणाल्या. "मला बी हाताला तसंच लागलं हुतं. पर मी काय बोलू?"

"बरोबरच हाय तिचं. तिला आवडली."

"व्हय." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "दुकान चालवणार का?"

"उन्हाळ्यापर्यंत बघतो. मग पुढचं निम्मं मोबाईलवाल्याला देतोय. मागं ठेवीन थोडं, अस्तर-बिस्तर."

"लुगडी?"

"आता कोण घेणार, आक्का?"

गर्द हिरवं, लाल काठाचं एक इरकल आक्कांनी बाजूला काढलं. कनवटीच्या बटव्यातून पैसे काढले. बादशाहभाईंनी ते मोजून घेतले. कमी घेतलेलं आक्कांना चाललं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. इरकल कागदात गुंडाळून सुतळीनं बांधलं.

गादीवर अजून तीसेक लुगडी पसरलेली होती. एस्टीला तासभर होता. बादशाहभाईंनी घडी घालायला जवळचं एक उचललं, पदर हनुवटीखाली धरला, हात लांब केले. नऊ वार कापड. दुसरं टोक गादीवरून घसरत पायरीपर्यंत गेलं. त्यांनी ते ओढून घेतलं, पुन्हा प्रयत्न केला. घडी वाकडी झाली. त्यांनी ती मोडली.

आक्का बघत होत्या. मग भिंतीला हात लावून उठल्या, गुडघ्यांवर जोर देत गादीच्या त्या टोकाला गेल्या, आणि खाली पडलेले लुगड्याचे दोन्ही कोपरे उचलून हातात ताठ धरले.

"धर," त्या म्हणाल्या. "काठाला काठ लाव."